राखण

जय ख्रिस्त.

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. आमच्या मंडळीतल्या दोघी-तिघींनी गेल्या महिन्यात एकच प्रश्न विचारला, "ताई, तुम्ही एवढ्यातून कशा काय निघालात?" निघाले असं अजून म्हणवत नाही. पण मनाची राखण कशी केली, अजूनही कशी करतेय, ते सांगता येईल. कुणाच्या तरी उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

२०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, तो इथल्या माणसाला सांगायला नको. बीड, धाराशिव, लातूर, नांदेड, आमचा जालना, सगळीकडे एकच रडणं होतं. दुधनेच्या काठाला आमची साडेतीन एकर. सोयाबीन काढणीला आलेलं. आठ दिवस शेतात पाय टाकता आला नाही आणि टाकला तेव्हा शेंगांतून कोंब बाहेर आले होते, दाणे काळे पडून बोटांना चिकटत होते. नदीकडचा एक एकर तर पार खरडून गेला, खालचा मुरूम उघडा पडला. ठिबकच्या नळ्या बांधावरच्या बाभळीला गुंडाळल्या होत्या, कुणी मुद्दाम हातानं गुंडाळाव्यात तशा. मी त्या बाभळीकडे किती वेळ बघत उभी होते कोण जाणे. ते ठिबक माझ्या हट्टानं घेतलेलं होतं, माझ्या पाटल्या सोनेतारणात ठेवून.

त्या रात्रीपासून पहाटे तीनला जाग यायला लागली. आणि जाग आली की एकच वाक्य: तूच म्हणाली होतीस. त्याच्या मागोमाग दुसरं, मग तिसरं. पोराची फी कुठून भरायची. फायनान्सवाल्याचा फोन उद्या परत येणार. देव आपल्यावर रागावलाय का. उजाडेपर्यंत मनात काही शिल्लक राहायचं नाही. तशीच उठून मी शाळेत जायची आणि चौथीच्या लेकरांना गुणाकार शिकवायची.

बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा चौथा अध्याय मला संडे स्कूलपासून पाठ आहे. "सर्व बुद्धिसामर्थ्याच्या पलीकडे असलेली देवाने दिलेली शांती तुमची अंतःकरणे व तुमचे विचार ख्रिस्त येशूच्या ठायी राखील." लग्नात, मयतीला, वाढदिवसाला, शंभरदा ऐकलेलं वचन. पण ऑक्टोबरातल्या एका पहाटे मी 'राखील' या शब्दापाशीच थांबले. राखील म्हणजे राखण करील. आणि राखण म्हटलं की मला माझी आजी दिसते.

आजी बेथेलची. जालन्याजवळचं हे गाव नारायण शेषाद्रींनी वसवलं. ते १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले, आणि इथं निजामाच्या मुलखात येऊन त्यांनी ख्रिस्ती कुटुंबांना जमीन कसायला लावली. बेथेल म्हणजे देवाचं घर. भावाच्या भीतीनं पळालेला याकोब उशाला धोंडा घेऊन जिथं निजला, त्या जागेचं हे नाव. घाबरलेल्या माणसाच्या मुक्कामाचं नाव आमच्या गावाला आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

तर आजी. शाळू हुरड्यात आला की ती पहाटेच शेतात. चार मेढी रोवून केलेला माळा, हातात गोफण, पदरात खडे. भोरड्यांचे थवे दिवस उगवताना येतात आणि परत दिवस कलताना. अख्ख्या शिवारावर काळा-गुलाबी पडदा पसरावा तसे येतात आणि बसले की कणसाचं नुसतं बोंड ठेवतात. मी सात-आठ वर्षांची असेन. थवा समोर उतरत होता आणि मी बघत राहिले होते. आजी माळ्यावरून ओरडली, "काहून बसली गं नुसती? उठव त्यायला! बसल्यावर धोंडा मारशील तर कणीसबी तुटंल!"

हे वाक्य मला चाळीस वर्षांनी, तीन वाजता, अंथरुणात कळलं.

मी काय करत होते, तर विचार पुरता बसू द्यायची, त्याला पोटभर खाऊ द्यायची, आणि मग त्याच्याशी भांडायची. भांडताना माझंच कणीस तुटत होतं. स्वतःला शिव्या घालायची, प्रार्थनेत सुद्धा स्वतःलाच झोडपायची. आजी भोरड्यांवर कधी चिडल्याचं मला आठवत नाही. भोरड्या येणारच, हिवाळा आहे. तिचं काम त्यांना उतरू न देण्याचं होतं.

मग मी वचन नीट वाचलं. आधीच्या ओळीत "आभारप्रदर्शनासह आपली मागणी देवाला कळवा" असं आहे. मागणी म्हणजे खरी मागणी, गोलमोल नाही. आणि नंतरच्या ओळीत कशाचं मनन करायचं त्याची यादी आहे. त्या यादीत सगळ्यात पहिला शब्द कोणता? चांगलं नाही, गोड नाही. "जे काही सत्य." मी कितीतरी वर्षं समजत होते की ख्रिस्ती माणसानं मनात सगळं छान छान आणायचं. हे पत्र लिहिणारा पौल तसं म्हणतच नाही. तो स्वतः बेड्यांत बसून हे लिहितोय, दाराशी शिपाई. आणि 'राखील' असं आपण वाचतो तिथं मूळ ग्रीक शब्द सैनिकी पहाऱ्याचा आहे. फिलिप्पै ही रोमी वसाहत, निवृत्त सैनिकांचं गाव, तिथल्या लोकांना तो शब्द लगेच समजला असणार. मला समजायला शाळूचं शेत लागलं.

उशाशी एक शंभर पानी वही ठेवली. जाग आली की दिवा लावायचा आणि तो विचार लिहायचा. 'तुझ्यामुळे झालं.' सत्य आहे का? नाही. पाऊस माझ्या हट्टानं पडला नाही. 'सगळं संपलं.' सत्य आहे का? नाही. अडीच एकर जागेवर आहे, माझा पगार चालू आहे. 'कर्ज आहे.' होय, हे सत्य आहे. १,८०,००० रुपये. मग तो आकडा तसाच देवाला सांगायचा, एक लाख ऐंशी हजार, प्रभू. पहिल्यांदा असं म्हटलं तेव्हा मला रडू फुटलं, कारण तोवर मी महिनाभर प्रार्थनेत नुसती 'आमच्या अडचणी' म्हणत होते. आकडा देवाच्या पुढ्यात ठेवल्यावर तो तेवढाच राहिला. अंधारात तो फुगत होता.

फोन रात्री नऊनंतर स्वयंपाकघरात. ग्रुपवरचे पुराचे व्हिडिओ, कोण कसं वाहून गेलं, सरकारनं काय दिलं नाही, हे बघत मीच थव्याला आवतण देत होते.

आता एक गोष्ट जरा कडकपणे लिहिणार आहे. एका प्रार्थना सभेत बाहेरून आलेल्या एका वडीलधाऱ्या माणसानं सगळ्यांसमोर सांगितलं की चिंता म्हणजे विश्वास कमी पडणं, मनात अंधार आला म्हणजे तुम्ही सैतानाला जागा दिली. माझे यजमान खाली मान घालून ऐकत होते. तेव्हा ते आधीच बोलेनासे झालेले. जेवण अर्धं टाकायचे, रात्री उठून अंगणात जाऊन बसायचे, आणि ते उठले की माझे कान टवकारायचे. त्या सभेनंतर ते उपासनेला यायचेच बंद झाले. असं बोलणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, एलीयाची गोष्ट परत वाचा, १ राजे, १९वा अध्याय. कर्मेल डोंगरावर अग्नी उतरवलेला संदेष्टा झुडपाखाली बसून मरण मागतोय. देव त्याला विश्वासाचा हिशेब विचारत नाही. देवदूत येतो, भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो. परत उठवतो, परत भाकर देतो. दोनदा! बोलणं त्याच्या नंतर.

एका रात्री मी अंगणात त्यांच्या शेजारी जाऊन बसले आणि सरळ विचारलं, "जिवाचं काही बरंवाईट मनात येतंय का?" असं विचारलं तर विचार डोक्यात घातल्यासारखं होईल, ही भीती मलाही होती. तसं होत नाही. ते बराच वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "येतं." त्याच रात्री आम्ही १४४१६ ला फोन लावला. टेली मानस, सरकारी सेवा आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलतात. नंतर संभाजीनगरला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेलो. गोळ्या चालू आहेत. रोज रात्री गोळी हातावर ठेवताना मी तिच्यासाठीही आभार मानते, आणि हे लिहायला मला कसला संकोच नाही. मधुमेहाच्या गोळीला आपण अविश्वास म्हणत नाही. आपल्या या भागात किती घरांतली माणसं गेली, ते आपण सगळे बघतोय. निदान मंडळीत तरी माणसाला 'येतं' म्हणता आलं पाहिजे.

आमच्या पाळकसाहेबांनी मात्र तीन मंगळवार नुसतं येऊन बसायचं केलं. वचन एकच वाचायचे, स्तोत्र ४२. "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास? तू आतल्या आत का तळमळत आहेस? देवाची आशा धर." स्तोत्रकर्ता स्वतःच्या जिवाचं ऐकत बसत नाही, त्याला उलट विचारतो. मनाला असं समोर बसवून बोलायची रीत आपल्या मातीला नवी नाही. याच जिल्ह्यात जांबला जन्मलेल्या रामदासांनी मनालाच हाका मारल्या. तिसऱ्या मंगळवारी पाळकसाहेब वाचत असताना पुढचं वाक्य यजमानांनी म्हटलं. पुस्तकात न बघता.

उरलेल्या अडीच एकरात वाफसा आल्यावर उशिरानं शाळू पेरला. बी भावानं दिलं. गेल्या आठवड्यापासून कणसं हुरड्याला आलीत आणि भोरड्यांनीही वेळ चुकवली नाही. रविवारी उपासनेहून आलो, जेवलो, आणि चारच्या सुमाराला हे म्हणाले, "आजीची गोफण कुठंय?" ती कुठून असणार आता. जुन्या लुगड्याचा काठ फाडून त्यांनीच नवी वळली, ओट्यावर बसून, दात-ओठ खाऊन.

मी डबा आणि काठी घेऊन खालच्या बांधावर उभी राहिले, हे माळ्यावर चढले. थवा दुधनेकडून आला. मी डबा बडवणार तेवढ्यात वरून आवाज आला, "हाऽऽ हाऽऽ होऽऽ!" सप्टेंबरपासून त्यांचा एवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता. भोरड्या वळल्या, पलीकडच्या मोसंबीच्या बागेवरून गेल्या आणि लांब लिंबावर जाऊन बसल्या. हे माळ्यावरून उतरले नाहीत. गोफणीत पुढचा खडा भरला आणि तिकडे बघत बसले.