खुलासा : पायी वारसा फेरीचा तो मेसेज पुढे पाठवू नका

‘भडकल दरवाजा, मलिक अंबरने बांधलेली पाणचक्की आणि बीबी का मकबऱ्यातली औरंगजेबाची कबर, सगळं पायी बघा’ असा मेसेज संभाजीनगरच्या ग्रुपांवर फिरतोय. फेरीची कल्पना छान आहे, माहिती मात्र चुकीची आहे.

मकबऱ्यात औरंगजेबाची नाही, त्याची बेगम दिलरस बानू हिची कबर आहे. ती 1657 मध्ये वारली. वास्तू उभी करणाऱ्या अताउल्ला आणि हंसपत राय यांची नावं मुख्य दरवाजावरच कोरलेली आहेत. औरंगजेबाची कबर खुलताबादला, शेख झैनुद्दीन यांच्या दर्ग्यात आहे. शहरापासून साधारण 25 किलोमीटर! लेकराबाळांना, म्हाताऱ्या माणसांना घेऊन कुणी पायी निघालं तर किती हाल होतील.

भडकल दरवाजा निजामशाहीचा वजीर मलिक अंबर याचाच, 1612 चा. पण अंबर 1626 मध्ये वारला आणि पाणचक्की त्यानंतरची, बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याची. अंबरची खरी थोरवी त्याच्या नहरीत, म्हणजे शहराला पाणी पुरवणाऱ्या भुयारी कालव्यात आहे. तिच्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही, याचं वाईट वाटतं.

भडकल, पाणचक्की, मग मकबरा असं पायी जरूर फिरा. खुलताबादसाठी वेगळा दिवस काढा, अंबरची कबरही तिथंच आहे. जुना मेसेज आला तर कृपया तिथंच थांबवा आणि पाठवणाऱ्याला ही दुरुस्ती कळवा.