छप्पन ते त्रेसष्ट

ताशी पंचावन्न किलोमीटरपर्यंत माझ्या मोटारसायकलचा ट्रेलर अगदी सद्गृहस्थ. मागे आहे की घरीच राहिला, हेसुद्धा कळत नाही. काटा ५६ वर आला की मात्र त्याच्या अंगात येतं. आधी फूटरेस्टमधून तळपायांना मुंग्या, मग सीट, मग हँडल. साठला आरसा असा थरथरतो की मागून येणारा ट्रक एक आहे की तीन, याचा अंदाज येत नाही. आणि ६३ ओलांडलं की सगळं गपगार.

"मग पंचावन्ननंच चालवा की," बायको म्हणाली.

हा सल्ला इतका बिनतोड होता की तो मानणं शक्यच नव्हतं.

ट्रेलर मी स्वतः बनवलेला. चौकोनी पाइपची चौकट, स्कूटरची दहा इंची दोन चाकं, खाली स्प्रिंगचे पाटे, पुढे एक लांब दांडा आणि दांड्याच्या टोकाला मोटारसायकलच्या हिचबॉलवर, म्हणजे मागच्या लोखंडी गोळ्यावर, वाटीसारखा बसणारा कपलर. वळताना मोटारसायकल झुकते, दोन चाकांचा ट्रेलर झुकत नाही. म्हणून कपलरच्या मागे एक फिरता सांधा. वेल्डिंग लांबून बघण्यासारखं. पण रंगात मी कसूर केली नाही. लालभडक, एकूण एक भागाला, तीन हात. "दोन पुरेत," बायको तेव्हा म्हणाली होती. पण तिसऱ्या हातानंतर जी झळाळी येते ती ज्यानं पाहिलीय त्यालाच माहीत.

थरथरीची गोष्ट मी चारचौघांत बोललो, ही पहिली चूक. मग लक्षात आलं की ज्यानं जे भोगलंय तेच त्याचं निदान. ज्याचा टायर कधीकाळी फुटला होता तो म्हणाला, हवा. ज्याचं बेअरिंग जळलं होतं तो म्हणाला, बेअरिंग. शेजारचे काका, ज्यांनी आयुष्यात काहीच ओढलं नाही, ते म्हणाले, "मुळात ओढायचंच कशाला?"

मी ठरवलं, शास्त्रानं जायचं. साठच्या वेगात क्लच दाबला, इंजिन खाली आणलं. थरथर तशीच. म्हणजे इंजिन निर्दोष सुटलं. ट्रेलर सोडून नुसती गाडी साठनं पळवली. लोण्यासारखी. म्हणजे गुन्हेगार मागेच आहे. आता मागचा नेमका कोण? मोबाईलमध्ये कंपनं मोजणारं ॲप असतं. मोबाईल दांड्याला चिकटपट्टीनं गुंडाळला आणि एक फेरी मारून आलो. पडद्यावर सेकंदाला बाराच्या आसपास एक सुळका उभा. मग कागद घेऊन बसलो. ट्रेलरच्या चाकाचा टायरसकट व्यास ४३ सेंटिमीटर, म्हणजे एका फेरीत १ मीटर ३५. ताशी ६० म्हणजे सेकंदाला १६ मीटर ६७. भागाकार केला, उत्तर आलं बारा आणि थोडं वर. मोटारसायकलचं मोठं चाक त्याच वेगाला सेकंदाला आठ-साडेआठ फेऱ्याच मारतं. भागाकार जुळल्याचा इतका आनंद मला शाळेतही झाला नव्हता. बायकोला बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे चाक. ते तर काकाही सांगत होते."

काका तसं अजिबात सांगत नव्हते, पण तो मुद्दा मी सोडून दिला.

तेवढ्यातल्या तेवढ्यात दांड्यावरचा भारही मोजून घेऊ म्हटलं. नियम असा की भरलेल्या ट्रेलरच्या वजनाच्या साधारण दहावा हिस्सा तरी हिचवर यायला हवा. मागे जड झाला की ट्रेलर शेपटी हलवायला लागतो. घरातला वजनकाटा खाली ठेवून त्यावर दांडा टेकवला. ९० किलोच्या ट्रेलरचे फक्त चार किलो पुढे. सामानाची पेटी अ‍ॅक्सलच्या पुढे सरकवली, काटा दहावर आला. वळणांवर मागून कुणीतरी हळूच ढकलतंय असं वाटायचं ते त्या दिवसापासून बंद. पण डुलणं वेगळं आणि थरथरणं वेगळं. छप्पन ते त्रेसष्ट जागच्या जागी. वजनकाट्यावर तेवढा ग्रीसचा गोल उमटला, आणि त्याचा खुलासा मला वेगळा द्यावा लागला.

मग एकेक लफडं बाहेर पडायला लागलं. कपलर ५० मिलिमीटरचा आणि हिचचा बॉल पावणेदोन इंचांहून जरा मोठा, १ पूर्णांक ७ अष्टमांश इंच. म्हणजे ४७.६. दिसायला जुळे भाऊ, पण मध्ये अडीच मिलिमीटरचा झोल. ब्रेक मारला की मागून 'खट्' असा जो आवाज यायचा, त्याला मी सामानाचा समजत होतो. बॉल बदलला, खट् गेलं. थरथर राहिली. कपलरच्या मध्यापासून अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत टेप लावली. दोन्ही अंतरं सारखी हवीत, तर माझ्याकडे १४ मिलिमीटरचा फरक. अंदाजपंचे काम म्हणतात ते हेच. पाट्यांचे यू-बोल्ट सैल करून अ‍ॅक्सल सरळ केला. ट्रेलर आता तिरका न चालता नाकासमोर चालायला लागला आणि नाकासमोर चालता चालता तितकाच थरथरायला लागला.

बेअरिंगही पाहिलं. चाक वर उचलून टायर वरून-खालून धरून हलवायचं. खुटखुट जाणवली तर ढिलाई. किंचित होती. चाक फिरवत फिरवत नट आवळला, मग थोडा मागे घेतला, कॉटर पिन घातली. तास गेला, शर्ट गेला.

शेवटी एक वीट, तिच्यावर बांधलेला स्क्रूड्रायव्हर, आणि त्याचं टोक उजव्या टायरच्या कडेशी. चाक हातानं सावकाश फिरवलं. टोकापाशी टायर जवळ आला, लांब गेला, जवळ आला, लांब गेला. तीन-साडेतीन मिलिमीटरची नागमोडी चाल. सापडला!

चाक घेऊन टायरवाल्याकडे गेलो. या रिमचे दोन अर्धे एकमेकांना नटांनी जोडलेले असतात. "हवा पूर्ण काढल्याशिवाय या नटांना हात लावायचा नाही," त्यानं आधी दरडावलं, मी तसा दिसतो म्हणून असेल. मग चाक मशीनवर चढवलं. रिम सरळ. बॅलन्ससुद्धा ठीक. घरी येऊन बसवलं, नागमोडी. परत गेलो, सरळ. परत घरी, नागमोडी. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा त्यानं चाक हातात घेतलंच नाही. माझ्याकडे बघत शांतपणे म्हणाला, "साहेब, चाक चांगलंय. ते तुमच्याकडे गेलं की बिघडतं."

घरी येऊन तास-दोन तास नुसता बसलो. मग एक युक्ती सुचली. रिमवर खडूनं खूण केली, चाक काढून एक बोल्ट पुढे सरकवून पुन्हा बसवलं. रिम वाकडी असती तर वाकडेपणा खडूच्या खुणेबरोबर सरकला असता. तो सरकला नाही, चाक ज्यावर बोल्टांनी बसतं त्या हबपाशीच राहिला. म्हणजे हब! आणि हब मी केलेला नव्हता, लेथवाल्याकडून करून घेतलेला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाचा तरी दोष निघत होता. मला एकदम हलकं वाटलं. वाटेत काय काय बोलायचं याची दोनदा उजळणी झाली.

लेथवाल्यानं माझं भाषण पूर्ण ऐकून घेतलं. मग हबचा जो तोंडाचा भाग रिमला टेकतो, त्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवली. पट्टी एका बाजूला टेकली, दुसऱ्या बाजूला तिच्याखालून उजेड दिसला. मी म्हणालो, "बघा!" त्यानं बोट फिरवलं, थांबवलं, एक जुनं पातं घेतलं आणि त्या जागी जरा खरवडलं. एक जाड, गुळगुळीत, लालभडक टवका उडून माझ्या पायाशी पडला.

तिसरा हात. हब खिळ्याला टांगून रंगवला होता, तेव्हा वरून ओघळलेला थेंब कडेशी येऊन वाळला होता, मिलिमीटरभर जाडीचा. १२ सेंटिमीटरच्या हबवर एक मिलिमीटर म्हणजे ४३ सेंटिमीटरच्या टायरच्या कडेला साडेतीन. हाही भागाकार जुळला, पण या वेळी कुणाला बोलावून दाखवला नाही. आणि ६३ नंतर शांतता का, तेही कळलं: त्या चाकाचे सेकंदाचे बारा हेलकावे माझ्या लांबलचक दांड्याच्या स्वतःच्या झुलण्याशी बरोबर जुळत होते. वेग वाढला की ताल चुकायचा.

"रंग छान आहे," लेथवाला म्हणाला.

घरी येऊन दोन्ही हबांची तोंडं उघड्या लोखंडापर्यंत खरवडली. डाव्या हबवरही एक छोटा ओघळ निघाला. नट समोरासमोरचे असे जोडीनं आवळले. मग रस्ता. ५४. ५५. ५६, आणि मी श्वास रोखलेला. साठ. आरशात मागचा ट्रक एकच होता, आणि त्याचा ड्रायव्हर जांभई देत होता.

"काय निघालं हो शेवटी?" बायकोनं दारातच विचारलं.

"हबमध्ये दोष होता," मी म्हणालो. "लेथवाल्याकडे जाऊन यावं लागलं."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. दहाच्या दहा नखांत लाल रंग होता.