दादाजींचे हाल पाठ, काम नाही

३ जून जवळ आला की आमच्या नागभीड-ब्रह्मपुरीकडे (चंद्रपूर जिल्हा) धानाचं एचएमटी वाण काढणाऱ्या दादाजी खोब्रागडेंचे फोटो फिरायला लागतात. २०१८ ला त्याच दिवशी ते गेले, तेव्हापासून खालचा मजकूर ठरलेला: तिसरी शिकलेला माणूस, दीड एकराचा धनी, मिळालेल्या सुवर्णपदकाच्या सोन्यात निघालेली खोट, शेवटचं आजारपण. सगळं खरं आहे. पण त्यांनी नेमकं केलं काय, हे विचारा. "एचएमटी धान शोधलं" यापुढे गाडी सरकत नाही.

शोधलं म्हणजे? रस्त्यात सापडलं का?

१९८३ साली नांदेडच्या (आपल्या नागभीड तालुक्यातल्या, मराठवाड्यातल्या नव्हे) त्यांच्या बांधीत (धानाच्या शेतात) पटेल-३ वाणाचं धान होतं. त्यात काही लोंब्या वेगळ्या दिसल्या. दाणा बारीक, रंग पिवळसर. आपण अशा लोंब्या भाऱ्यात बांधून मोकळे होतो. दादाजींनी त्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, त्यातून पुन्हा निवडल्या. वर्षानुवर्षं हेच. धानाचं फूल बहुतेक करून स्वतःच्याच परागावर दाणा धरतं, म्हणून निवडलेल्या लोंबीचा गुण पुढे टिकतो. भेसळीचं रोप दिसलं की उपटायचं. धानाची कितीतरी वाणं अशा निवडीतूनच आली आणि ती काढणाऱ्यांना आपण बिनदिक्कत शास्त्रज्ञ म्हणतो. दादाजींच्या बाबतीतच "शेतकरी असूनही" कशाला लागतं?

१९९० च्या सुमारास तळोधीच्या बाजारात व्यापाऱ्याने एचएमटी घड्याळावरून या धानाला तेच नाव ठेवलं. (घाम एकाचा, नाव घड्याळाचं!) १९९८ मध्ये अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठाचं पीकेव्ही-एचएमटी वाण आलं, त्याचं श्रेय कोणाचं हा वाद मोठा आहे, त्यावर पुन्हा कधी लिहीन. नांदेड चिन्नोर, नांदेड हिरा, डीआरके ही त्यांची पुढची वाणं तर इथल्या पोरांनाही ठाऊक नाहीत.

२८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, शाळेत रामन यांच्या फोटोला हार घालतात. घाला, शेजारी दादाजींचाही ठेवा. पण भाषण नको. कापणीच्या आधी पोरांना बांधीत उतरवा, वेगळी लोंबी हुडकायला लावा, पाकिटावर बांधीचं नाव अन् तारीख लिहून घ्या. पुढच्या पावसाळ्यात त्याचे पऱ्हे (रोपं) वेगळे टाका. दहातली नऊ पाकिटं वाया जातील, जाऊ द्या.

आणि नांदेड चिन्नोरचं अस्सल बियाणं कोणाच्या घरी अजून असेल तर मृगाच्या आत कळवा. पायलीभर मिळालं तरी आमच्या शाळेमागच्या बांधीचं काम होतं.