सायलेन्सर बदलला, आता जेटही बदलायचा का?

रंकाळ्याच्या काठावर जेथे संध्याकाळी भेळेच्या गाड्या लागतात, तेथून थोडे अलीकडे आमचा कट्टा आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस या कट्ट्यावर एक वाद सुरू झाला आणि तो तीन रविवार पुरला. जे बोलले गेले ते येथे शक्य तितके नीट लिहून ठेवत आहे. प्रत्यक्षातले बोलणे इतके शुद्ध नव्हते, आणि गाळलेला मजकूर बहुतांशी शिव्यांचा आहे.

वादाला निमित्त झाला तो अण्णांचा पुतण्या. अण्णांची शिवाजी उद्यमनगरात फौंड्री आहे आणि पुतण्याकडे २०१४ सालची, साडेतीनशे सीसीची, कार्ब्युरेटरवाली बुलेट आहे. त्याने मूळचा सायलेन्सर काढून बाजारातला आखूड, जवळजवळ मोकळाच म्हणावा असा सायलेन्सर बसवून आणला होता. गाडी कट्ट्याजवळ येऊन थांबली तेव्हा थ्रॉटल सोडताच तिच्यातून फटाक्यांची माळ लागल्यासारखे आवाज आले. अण्णा म्हणाले, "अरे, हा आवाज तू पैसे देऊन विकत घेतलास?" पुतण्याला मात्र तो आवाज खटकत होता. बसवणाऱ्याने "पाइप बदलला की ट्यूनिंग करावेच लागते, नाहीतर इंजिन जाते" असे सांगून वेगळे पैसे मागितले होते, आणि हे खरे की खोटे, एवढेच त्याला विचारायचे होते. ट्यूनिंग म्हणजे येथे कार्ब्युरेटरमधला जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक छिद्राची तोटी, बदलून हवा-पेट्रोलचे मिश्रण जुळवणे.

अण्णांनी तत्काळ निकाल दिला की ट्यूनिंग वगैरे सगळे थोतांड आहे, मात्र मोकळ्या पाइपने इंजिनला मिळणारा बॅक प्रेशर गेला आणि आता व्हॉल्व्ह जळणार. पॉलिटेक्निकमध्ये तीस वर्षे इंजिने शिकवून निवृत्त झालेल्या मास्तरांना हे सहन होणे शक्य नव्हते. ते म्हणाले, "अण्णा, जळालेला वायू बाहेर ढकलताना समोरून विरोध व्हावा, असे कोणत्या इंजिनाला वाटेल? व्हॉल्व्ह जळतात हे तुम्ही पाहिले असेल, पण ते मिश्रणात पेट्रोल कमी पडल्यामुळे. पाइप मोकळा केला आणि जेट तोच ठेवला म्हणून ते जळाले, आणि नाव मात्र बॅक प्रेशरचे झाले."

मग मास्तरांनी चहाच्या बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट पाइपमधून धावत सुटते आणि पाइपच्या मोकळ्या टोकाशी पोहोचली की उलट्या चिन्हाची, म्हणजे कमी दाबाची लाट होऊन परत फिरते. तापलेल्या वायूत तिचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर एक मीटरच्या पाइपातून जाऊन येण्यास तिला ४ मिलिसेकंद लागतात. इंजिन मिनिटाला ४५०० फेरे घेत असेल तर एका फेऱ्याला १३.३ मिलिसेकंद लागतात, म्हणजे लाट परत येईपर्यंत क्रँक १०८ अंश फिरलेला असतो. दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असतात त्या क्षणी ही कमी दाबाची लाट परत आली, तर ती उरलेला धूर ओढून नेते आणि ताजे मिश्रण आत खेचण्यास मदत करते. चुकीच्या क्षणी आली, तर तेच काम बिघडवते. म्हणून पाइपची लांबी आणि जाडी ठरावीक वेगासाठी जुळवलेली असते, आणि आखूड, रुंद पाइप लावल्यावर खालच्या वेगातला जोर कमी होतो. त्या उणिवेलाच लोक बॅक प्रेशर गेला असे म्हणतात. अण्णांनी बिल खिशात ठेवले. मान्य झाल्याची खूण म्हणून की चहाचे पैसे देण्यासाठी, हे कळले नाही.

येथे मला माझी जुनी आरएक्स १०० आठवल्याशिवाय राहिली नाही. टू-स्ट्रोक गाडीत ताज्या मिश्रणाचा काही भाग सिलिंडरमधून निसटून पाइपमध्ये जातो, आणि फुगीर पोटाचा पाइप लाट परत पाठवून त्याला पुन्हा आत लोटतो. पूर्व जर्मनीतील एमझेड कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी हे तंत्र १९५० च्या दशकात पुढे नेले. त्यांचा स्वार एर्न्स्ट डेग्नर १९६१ मध्ये पश्चिमेकडे पळाला, सुझुकीला जाऊन मिळाला आणि १९६२ चे ५० सीसीचे जगज्जेतेपद सुझुकीवर जिंकला. पाइपच्या आकारासाठी माणसे देश सोडतात, ही गोष्ट मला तरुणपणी कोणी सांगितली असती तर कदाचित मीही शहाणा झालो असतो. मी तसला पाइप लावून घेतला, जेट तोच ठेवला, आणि कागलच्या अलीकडे पिस्टन सिलिंडरमध्येच अडकला. त्यामुळे "ट्यूनिंग हे थोतांड" या अण्णांच्या वाक्याशी माझे पहिल्यापासूनच पटत नव्हते. परंतु टू-स्ट्रोकमध्ये पाइप हा जवळजवळ इंजिनाचाच भाग असतो. फोर-स्ट्रोक बुलेटला तोच न्याय जसाच्या तसा लावणे बरोबर नाही, हे आमच्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी मला सुनावले आणि तेही खरेच आहे.

हिंजवडीत नोकरी करणारा आणि शनिवार-रविवार कोल्हापुरात असणारा आमचा एक मित्र आहे. त्याला सगळे पुणेकरच म्हणतात. त्याचे म्हणणे असे, की एअर फिल्टर मूळचाच असेल तर आत येणारी हवा वाढणार कशी? मिस्त्रींनी उसाच्या पाटाचा दाखला दिला. पाटावर दोन ठिकाणी अडथळे असतील आणि खालचा काढला, तर पाणी थोडे वाढते. पण वरचाही काढला तर बांध फुटण्याची वेळ येते. नुसता सायलेन्सर बदलला तर फरक अल्प, बेंड पाइपसकट, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतच्या वाकड्या पाइपसकट, सगळे बदलले तर अधिक, आणि त्यावर उघडा फिल्टर बसवला तर जेट न बदलता गाडी चालवणे हा मूर्खपणा, अशी मिस्त्रींची चढती भाजणी होती. माझ्या मते त्या संध्याकाळी कोणी काही कामाचे बोलले असेल तर हेच.

पुणेकराची स्वतःची गाडी बीएस-६, म्हणजे एप्रिल २०२० नंतरची, इंजेक्शनवाली. त्यानेही मागचा सायलेन्सर तेवढा बदलला आहे आणि त्याला काहीच करावे लागलेले नाही. "माझ्या गाडीचा ईसीयू आपोआप जुळवून घेतो," हे त्याचे पालुपद. ईसीयू म्हणजे किती पेट्रोल सोडायचे ते ठरवणारा गाडीतला छोटा संगणक. मास्तरांनी ते अर्धेच मान्य केले. बेंड पाइपमधला ऑक्सिजन सेन्सर धुरात उरलेला प्राणवायू पाहतो आणि मिश्रण हवेच्या १४.७ भागांना पेट्रोलचा एक भाग या प्रमाणाच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच सांगतो. किती पलीकडे, ते त्या साध्या सेन्सरला सांगता येत नाही. एकसारख्या वेगाने जाताना ईसीयू या निरोपावर विसंबून पेट्रोल कमी-जास्त करतो, आणि तेथे पुणेकराचे म्हणणे खरे आहे. पण थ्रॉटल पूर्ण पिळला की ईसीयू सेन्सरकडे दुर्लक्ष करतो आणि कारखान्यात भरून दिलेल्या कोष्टकावर चालतो, कारण तेव्हा ताकदीसाठी मिश्रण मुद्दाम १३ च्या आसपास, म्हणजे पेट्रोल जरा जास्त, ठेवायचे असते. ते कोष्टक जुन्या पाइपसाठी लिहिलेले असते. मागचा तुकडा बदलल्याने ते फारसे चुकत नाही. धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसह सगळा पाइप बदलला तर चुकते, आणि नेमके पूर्ण जोरात, जेथे चुकणे महागात पडते. पुणेकर म्हणाला, "मी पूर्ण पिळतोच कुठे?" यावर त्याच्या बायकोला विचारू, असे ठरले.

वकीलसाहेब तोवर गप्प होते. त्यांनी मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ काढले, ज्यानुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा गाडी वेगळी होईल असा बदल करता येत नाही. मग कलम १९०(२) काढले, ज्यात २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाज आणि धुराच्या उल्लंघनाला दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. आणि १७५ सीसीवरील नव्या दुचाकीला चाचणीत ८० डेसिबलची मर्यादा असते, हेही सांगितले. त्यांचा मुद्दा असा की जेट कोणता लावायचा हा प्रश्नच गैरलागू आहे. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही, परंतु पुतण्याचा प्रश्न इंजिनाचा होता आणि कायद्याने इंजिनाचे उत्तर मिळत नाही, म्हणून त्यांना भेळ देऊन आम्ही पुढे गेलो.

दुसऱ्या रविवारी चर्चा मिस्त्रींच्या गॅरेजात हलली. मिस्त्रींनी थंड इंजिन सुरू करून सायलेन्सर आणि बेंड पाइप यांच्या सांध्यावर साबणाचे पाणी सोडले आणि त्यात भराभर बुडबुडे आले. बसवणाऱ्याने जुने, चेपलेले गॅस्केटच पुन्हा घातले होते. थ्रॉटल सोडला की पाइपमध्ये क्षणभर दाब कमी होतो, सांध्यातून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि न जळलेले पेट्रोल पाइपमध्येच पेट घेते. फटाके वाजत होते ते यामुळे. नवे गॅस्केट बसताच आवाज बहुतांशी थांबले. अण्णा विजयी मुद्रेने म्हणाले, "बघा, ट्यूनिंग लागले का?" फटफट झाली की लोक थेट जेट बदलायला धावतात आणि सांधा कोणी पाहत नाही, हे मिस्त्रींनीही मान्य केले. पण ते एवढ्यावर थांबायला तयार नव्हते.

पुणेकराने आता वेगळीच शंका काढली. पंपावर हल्ली वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते, इथेनॉलमध्ये स्वतःचा प्राणवायू असतो, आणि त्यामुळे १४.७ चा आकडा साडेतेरापर्यंत खाली येतो. जुन्या जेटवर जुनी गाडी पाइप न बदलताही पेट्रोलच्या बाबतीत उपाशीच चालत असेल. मग प्लग पांढरा निघाला, म्हणजे पेट्रोल कमी पडत असल्याची खूण दिसली, तर दोष पाइपचा की पेट्रोलचा? प्रश्न बिनतोड होता, आणि त्याचे उत्तर मिळवायचे तर मूळचा सायलेन्सरही तपासणे भाग होते.

म्हणून तिसऱ्या रविवारी पहाटे, रहदारी नसताना, आम्ही वाघबिळाच्या चढावर गेलो. दरवेळी नवा प्लग, तिसरा गिअर, पूर्ण थ्रॉटल, आणि ४० वरून ७० चा वेग गाठायला लागणारा वेळ घड्याळावर. घड्याळाचा आग्रह अण्णांचा होता. आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास होतो, असे ते म्हणाले, आणि तीन आठवड्यांत त्यांच्या तोंडून निघालेले हे सर्वांत शहाणपणाचे वाक्य होते. चढ संपताच क्लच दाबून इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून पाहायचा.

मूळच्या सायलेन्सरला ११ सेकंद लागले. प्लगची चिनी माती जरा फिकी होती, पण रंग होता. नव्या सायलेन्सरला जुन्या जेटवर १२ सेकंदांहून अधिक लागले आणि प्लग खडूसारखा पांढरा निघाला. मिस्त्रींनी गोळ्यांच्या डबीतून आणलेला एक अंक मोठा मेन जेट घातला, मग त्याहून एक अंक मोठा. दुसऱ्याला प्लग ग्लुकोज बिस्किटाच्या रंगाचा झाला आणि वेळ पुन्हा ११ वर आली. स्लो रनिंगसाठी एअर स्क्रू थोडा फिरवावा लागला. पायलट जेटला हातही लावला नाही, कारण तो थ्रॉटलच्या पहिल्या चतुर्थांशापुरता काम करतो आणि तेथे गाडी कुरकुरत नव्हती.

म्हणजे सायलेन्सरचे पैसे, दोन जेटचे पैसे आणि तीन रविवार खर्चून पुतण्या जेथून निघाला होता तेथेच येऊन पोहोचला. ट्यूनिंगने ताकद वाढली नाही, पाइपने गमावलेली तेवढी परत मिळाली. मिस्त्रींना आपण जिंकल्यासारखे वाटले आणि अण्णांनाही. एक रस्ता, एक गाडी आणि हातातले घड्याळ, एवढ्यावर सिद्धांत मांडू नये, असे मास्तरांनी बजावले. पुतण्या मात्र सायलेन्सरवर खूश होता.

दिवाळीनंतर गावात पोलिसांची मोहीम सुरू झाली. जप्त सायलेन्सरांवरून रोडरोलर फिरवल्याची छायाचित्रे इतर शहरांतून आलेली त्याने पाहिली होती, म्हणून त्याने मुकाट्याने मूळचा सायलेन्सर घरीच बसवला. पंधरा दिवसांनी तो कट्ट्यावर आला आणि काळजीच्या सुरात म्हणाला, "सर, गाडी जड झाली आहे, अ‍ॅव्हरेज पडले आहे आणि प्लगवर काजळी धरते आहे. इंजिन गेले का?"

मास्तर काही बोलणार तोच मिस्त्रींनी खिशातून काड्यापेटी काढली, उघडली आणि त्यातला जुना पितळी जेट त्याच्या तळहातावर ठेवला.