क्लॅमथच्या लेखावरच्या 'एसीत बसून' प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची कमेंट वाचली. अमेरिकेतल्या क्लॅमथ नदीवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, "एसीत बसून ज्यांना पाणी फक्त बाटलीत दिसतं त्यांनी दोन माशांसाठी शेतकऱ्याचं पाणी तोडायचं समर्थन करू नये." मतभेद असू देत, पण हे 'एसीत बसून' काय आहे? ओळखता का तुम्ही मला? माझं माहेर माण तालुक्यातलं, २०१२-१३ ला आमची जनावरं छावणीत होती, वडील रात्री तिथेच झोपायचे, आई टँकरची वाट बघत रांगेत हंडे लावून बसायची, आणि डाळिंबाची बाग वाळली ती शेवटी तोडून सरपणाला गेली. दुष्काळ मला शिकवायला येऊ नका.

आणि समर्थन? कुठल्या ओळीत केलं? एप्रिल २००१ मध्ये, दुष्काळात मासे वाचवायचे म्हणून, हंगाम तोंडावर आलेला असताना सरकारने बहुतेक शेतकऱ्यांना कालव्याचं पाणी मिळणार नाही असं सांगितलं, हे क्रूर होतं असंच मी लिहिलंय. त्यातल्या कित्येक जमिनी महायुद्धातून परत आलेल्या सैनिकांना सरकारनेच दिलेल्या. लोकांनी निषेध म्हणून हातोहात बादल्या देत साखळी केली, कालव्याचे दरवाजे जबरदस्तीने उघडले, तो राग मला पूर्ण कळतो.

पण पुढचं वर्ष तुम्ही सोयीने सोडलंत. २००२ ला शेतीला पाणी दिलं, नदी आटली, पाणी तापलं, आणि सप्टेंबरात नदीच्या खालच्या अंगाला ३० हजारांवर सॅमन मासे कल्ल्यांच्या रोगाने मेले. तिथल्या युरोक आदिवासींचं पोट त्या माशांवर आहे, ते शेतकऱ्यापेक्षा कमी कष्टाचं कसं? आणि नदीच्या वरच्या अंगाच्या तळ्यातले तुमचे ते 'दोन मासे', म्हणजे सकरच्या दोन जाती, त्यांची मासेमारी क्लॅमथ आदिवासींनी १९८६ लाच बंद केली, नामशेष व्हायच्या धोक्यातल्या जातींच्या सरकारी यादीत ते मासे आले १९८८ ला. म्हणजे आधी कुणी सोसलं ते बघा ना.

१८६४ च्या करारात सरकारने क्लॅमथ आदिवासींचा मासेमारीचा हक्क मान्य केला, मग १९०५ ला सिंचन प्रकल्प मंजूर करून त्याच खोऱ्याचं पाणी शेतकऱ्यांना कबूल केलं, आणि दुष्काळ पडला की दोघांना एकमेकांसमोर उभं केलं. २०२१ ला परत तेच, मुख्य कालवा कोरडा. माझा सगळा लेख यावर होता, तुम्हाला त्यात फक्त मासे दिसले.

एक मान्य करते, नुकसानभरपाईवर अजून एक परिच्छेद चालला असता. शेत पडीक ठेवायचे पैसे आधी हातात आले तर माणूस बियाणं, खत घेऊन फसत नाही. तिथलं बरंचसं पाणी डोंगरावरच्या बर्फाचं, हिवाळ्यात बर्फ मोजला की अंदाज येतो, मग कुणाला किती कपात हे तेव्हाच का सांगू नये?

बाकी परदेशी फंडिंग वगैरे जे लिहिलंय त्याला मी उत्तर देणार नाही. आणि आपल्याकडच्या उसाचं काय म्हणता, तर तो वेगळा विषय आहे, इथे नको. पाण्यावर बोलायचं असेल तर जरूर लिहा, मी वाचते. माझ्या घरावर, माझ्या एसीवर बोलणार असाल तर ती कमेंट यापुढे डिलीट होईल.