कोड वाचू नका, पाठवा

गोव्यात पर्वरीला ऑफिस घेतलंत, दारावर 'सोल्युशन्स'ची पाटी लागली आणि मांद्र्याच्या एका गेस्ट हाऊसच्या पात्रांवाने, म्हणजे मालकाने, बुकिंगची वेबसाइट मागितली. अभिनंदन! आता एवढंच सांभाळा, त्याच्याशी बोलत बसू नका. बोललात की तो सांगणार, डिसेंबरचा भाव वेगळा, पावसाळ्यातला वेगळा, वरची खोली भावाच्या वाटणीची आणि चतुर्थीला तो घरी येतो म्हणून तेव्हा ती कुणाला द्यायची नाही. असलं ऐकत राहिलात तर धंदा कधी करणार? कोड लिहून देणाऱ्या एआय मशीनला सांगा, 'बुकिंगचं ॲप बनव.' चहा निवायच्या आत ॲप तयार. 'फाल्यां जातलें', उद्या होईल, म्हणायची आपली पिढीजात सोय यात बुडते खरी, पण बिल आजच निघतं.

कुणी नाक मुरडलं तर इतिहास सांगा. 1981 साली ब्रिटनमध्ये 'द लास्ट वन' नावाचा प्रोग्राम विकायला आला. तो प्रश्न विचारायचा आणि उत्तरांवरून 'बेसिक' नावाच्या संगणकाच्या भाषेत प्रोग्राम लिहून द्यायचा. यापुढे कुणाला प्रोग्राम लिहावाच लागणार नाही, अशा ऐटीतलं ते नाव. पुढे काय झालं ते सांगू नका. थेट 2004 सालच्या, वेबसाइट बनवायच्या रुबी ऑन रेल्सवर या. त्यात 'स्कॅफोल्ड'ची एक कमांड दिली की डेटाबेसचं टेबल, फॉर्म, पानं, वर कोड तपासणाऱ्या टेस्टसुद्धा मिळत. करणाऱ्यांनी ती सुरुवात म्हणून दिली होती, तुम्ही ती शेवट समजा. 2021 मध्ये आलेल्या, कोड सुचवणाऱ्या कोपायलटनंतर तर कमांड पाठ करायचेही कष्ट उरले नाहीत.

कोड आला की डॉक्युमेंटेशन, म्हणजे कोड काय करतो त्याची माहितीपुस्तिका. हे पात्रांव वाचणार नाही, तुम्ही वाचणार नाही आणि मशीनने तर लिहितानाही वाचलेलं नसतं, म्हणून ते भरपूर असावं. 'गेट-बुकिंग : हे फंक्शन बुकिंग मिळवतं.' 'डिलीट-बुकिंग : हे फंक्शन बुकिंग डिलीट करतं.' अशी चाळीस पानं झाली की पीडीएफला वजन येतं. रद्द केलेल्या बुकिंगचे पैसे कुणी, किती आणि कधी परत करायचे, हे त्यात नसेल. नसू दे. तो निर्णय कुणी घेतलेलाच नाही, तर लिहिणार कुठून? स्वॅगर नावाचं टूल 2011 पासून आहे. त्याच्या नियमावलीला 2016 पासून ओपन-एपीआय म्हणतात. कोडवरून ते पानंच्या पानं उभी करतं आणि उदाहरणाच्या जागी कुणी काही भरलं नसेल तर 'स्ट्रिंग' छापतं. पाहुण्याचं नाव : स्ट्रिंग. पत्ता : स्ट्रिंग. तक्रार : स्ट्रिंग. दिसायला फार व्यवस्थित दिसतं हो.

याच्याही पुढची पायरी म्हणजे कोडवरून डॉक्युमेंटेशन काढा, त्या डॉक्युमेंटेशनवरून पुन्हा कोड काढा आणि दोन्हींवरून टेस्ट. तिघांचं एकमत होणारच, कारण तिघांचा बाप एक. अहो रूपम् अहो ध्वनि:! टेस्टच्या यादीत सगळीकडे हिरव्या खुणा आल्या की स्क्रीनशॉट काढून पात्रांवाला व्हॉट्सॲप करा.

बारीकसारीक कुरबुरी येतील. बार्देशात राहून धंदा करायचा म्हणजे गिऱ्हाइकांत डिसोझा असणारच, आणि ते इंग्रजीत डी नंतर अपॉस्ट्रॉफी टाकून आडनाव लिहिणार. मशीनने आडनाव तसंच उचलून डेटाबेसच्या क्वेरीत, म्हणजे त्याला दिलेल्या हुकमात, चिकटवलं असेल तर क्वेरी त्या चिन्हापाशी तुटते. तेच भोक वापरून कुणी भामटा अख्खं टेबल उपसू शकतो. नाव क्वेरीपासून वेगळं, पॅरामीटर म्हणून पाठवायची पद्धत जुनी आणि सोपी आहे, पण त्यासाठी कोड उघडावा लागेल. त्यापेक्षा डिसोझांना सांगा, आडनाव बदला.

मशीन कधी अस्तित्वातच नसलेली लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड, इन्स्टॉल करायला सांगतं. बेधडक करा. ते नाव आधीच हेरून त्याखाली विषारी कोड टाकून ठेवणारे लोक असतात, त्यांनाही पोट आहे.

आता 31 डिसेंबर. एकच खोली उरली आहे. पुण्याचं एक कुटुंब आणि बेळगावचं एक कुटुंब एकाच सेकंदाला बटण दाबतात. कोड आधी विचारतो, 'खोली रिकामी आहे का?' आणि मग नोंद करतो. दोघांनी विचारलं तेव्हा ती रिकामीच होती, म्हणून दोघांची नोंद झाली, दोघांचे पैसेही कापले गेले. डेटाबेसला कुलूप लावायला सांगितलं असतं, किंवा एका खोलीला एका रात्री एकच नोंद असा नियम टेबलावरच घातला असता, तर दुसऱ्याला नकार गेला असता. पण टेस्ट करताना बटण दाबणारा एकटाच होता, आणि डॉक्युमेंटेशनच्या तिसऱ्याच पानावर ठळक अक्षरांत लिहिलंय : 'ही प्रणाली दुहेरी बुकिंग टाळते.' लेखी पुरावा आहे, घाबरता कशाला?

त्यातही नशीब असेल तर एक कुटुंब आदल्याच दिवशी येऊन थडकेल. आपल्याकडे मध्यरात्री 31 तारीख लागते तेव्हा यूटीसीच्या, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेच्या, घड्याळात 30 तारखेचे संध्याकाळचे साडेसहा असतात. मशीनने वेळ यूटीसीत बदलून नुसती तारीख कापून ठेवली असेल, तर नोंद 30 ची होते. म्हणजे एक खोली, दोन कुटुंबं आणि दोन तारखा. तसं पाहिलं तर भांडण आपोआप मिटलं की!

दोघंही एकाच रात्री दारात उभे राहिले तर मात्र पात्रांवाचा फोन येईल, 'कितें जालें रे?' फोन उचला, शांतपणे 'चेक करतो' म्हणा आणि मशीनला लिहा, 'दुहेरी बुकिंग होऊ देऊ नकोस.' ते माफी मागेल, तुमचं अगदी बरोबर आहे म्हणेल आणि विचारण्याच्या ओळीखाली तीच ओळ आणखी एकदा घालेल. डॉक्युमेंटेशनमध्ये 'टाळते'च्या जागी 'पूर्णपणे टाळते' होईल. आवृत्तीचा आकडा एकाने वाढवा, 'मेंटेनन्स' असं लिहून नवीन बिल काढा आणि पाहुण्यांचं कसं करायचं, असं त्याने विचारलंच, तर भावाच्या वाटणीची वरची खोली रिकामी आहे का, ते त्यालाच बघायला सांगा.