सह्या तपासल्या, यादी कोण तपासणार?

आमच्या गावातलं देशी दारूचं दुकान 23 मतांनी वाचलं. काही वर्षं झाली, पण तो आकडा डोक्यातून जात नाही. मतदानाला 698 बायका आल्या. 548 जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला, 131 जणींनी उभ्या बाटलीवर, 19 मतं बाद झाली. चौपटीहून जास्त फरक. आणि संध्याकाळी मतमोजणीनंतर जाहीर झालं की ठराव फेटाळला, दुकान चालू राहणार.

ज्यांना नियम माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. 2008 च्या आदेशाने महाराष्ट्रात गावातल्या बायकांना दारूचं दुकान बंद करून घ्यायचा रस्ता मिळाला. यादीतल्या 25 टक्के महिला मतदारांनी सह्यांचं निवेदन द्यायचं, उत्पादन शुल्क खात्यानं त्या सह्या पडताळायच्या, मग गुप्त मतदान. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. पण आडवीला नुसतं बहुमत पुरत नाही, यादीत नाव असलेल्या एकूण महिलांपैकी निम्म्याहून जास्त मतं लागतात. आमच्या यादीत 1,140 नावं होती. म्हणजे 571 मतं हवी होती.

त्या आधीची पडताळणी मला जास्त आठवते. पहिल्यांदा आम्ही 340 सह्या दिल्या होत्या, लागत होत्या 285. पडताळणी लागली ती ऐन कांदा काढणीत. बायका रोज बुडवून ग्रामपंचायतीच्या आवारात उन्हात बसल्या, हातात मतदान ओळखपत्र, काहींच्या कडेवर पोरं. माझ्या चुलत सासूबाई साक्षरतेच्या वर्गात सही शिकलेल्या. निवेदनावर त्यांनी बांधावर बसून, गुडघ्यावर कागद ठेवून सही केली होती. इथं टेबलापाशी त्यांचा हात थरथरायला लागला.

"मावशी, ही सही तुमचीच का?"

"माझीच हाये."

"मग वेगळी का दिसते?"

"तवा मी बांधावर बसले होते, आता साहेबांपुढं बसलेय."

शेरा पडला, जुळत नाही. कुणाचं निवेदनावर सासरचं नाव आणि यादीत माहेरचं, कुणी त्या दिवशी बाजारला गेलेली. 340 मधल्या 271 धरल्या गेल्या. 14 कमी पडल्या म्हणून सगळं निवेदन परत. दुसऱ्या खेपेला आम्ही 412 सह्या गोळा केल्या आणि तेव्हा कुठे मतदानाची तारीख लागली.

पडताळणीच नको, असं मी कधीच म्हणणार नाही. परवानाधारकानं शुल्क भरलेलं असतं, कुणीही उठून खोट्या सह्या करून धंदा बंद पाडू शकला तर तो अन्याय आहे. शेजारच्या दुकानदारानंच बायकांना पुढे करून स्पर्धक संपवायचा डाव टाकला, असंही होऊ शकतं. तेव्हा तपासणी हवी, मतदान केंद्र हवं, पोलीस बंदोबस्त हवा, आणि त्याला पैसे लागणार हेही मान्य. "एका दुकानासाठी सरकारनं एवढा खर्च का करायचा?" असं विचारणारे आमच्या गावातही होते. त्यांना माझं एवढंच सांगणं, की 10 जून 2025 ला मंत्रिमंडळानं मद्यावरचं उत्पादन शुल्क वाढवलं तेव्हा वर्षाला 14,000 कोटींची जादा भर तिजोरीत अपेक्षित धरली. त्या तिजोरीतून गावच्या मतपत्रिकांचा कागद सहज निघतो.

खरा खर्च वेगळाच आहे आणि तो कुठल्याच हिशेबात येत नाही. दोन्ही पडताळण्या मिळून आमच्या गावच्या किमान 500 मजुऱ्या बुडाल्या. 300 रुपये रोज धरा, दीड लाख रुपये होतात. हा पैसा हातावर पोट असलेल्या बायकांनी भरला, ज्यांच्या घरातला पगार आधीच त्या दुकानात जातो.

मतपत्रिकेबद्दल मात्र मी कौतुकच करीन. दोन चित्रं, बस्स. तिथं सरकारी मराठीत "सदर अनुज्ञप्ती बंद करण्यास संमती आहे किंवा कसे" असं छापलं असतं तर आमच्या निम्म्या बायका त्या पडद्यामागे गोंधळून उभ्या राहिल्या असत्या. बाटली आडवी करायची, हे शाळेत न गेलेल्या बाईलाही एका वाक्यात कळतं. ज्यानं कुणी ही चित्रं ठरवली त्याला गावाची समज होती. तरी गावात वावड्या उठवल्या गेल्याच, कुणी सांगितलं आडवीवर शिक्का मारला तर रेशन बंद होईल, कुणी सांगितलं दोन्हीवर मारा. त्या 19 बाद मतांतली काही तशीच गेली असणार.

मतदानानंतर आठवड्यानं गावातल्या तीन मुली मतदार यादी घेऊन आमच्या ओट्यावर बसल्या. एकेक नाव वाचायचं आणि म्हाताऱ्यांना विचारायचं. रात्री बेरीज झाली. 47 जणी मयत. 92 लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या, काहींना तिकडे नातवंडं झालेली. एकूण 139. ही नावं वजा केली तर यादी उरते 1,001 ची आणि लागतात 501 मतं. आम्हाला पडली होती 548.

म्हणजे दुकान वाचवलं ते या 139 नावांनी. मेलेली बाई मतदानाला येत नाही, पण या नियमात तिचं न आलेलं मत उभ्या बाटलीच्या बाजूनं मोजलं जातं. सरपंच एका मतानं निवडून येतो आणि पाच वर्षं गावचा कारभार बघतो. चंद्रपूरची जिल्हाभराची दारूबंदी 2015 साली लागू झाली आणि 2021 साली उठली, दोन्ही वेळा मंत्रिमंडळाचा निर्णय पुरला. एका गावातल्या एका दुकानासाठी बायकांनी मात्र मयतांच्या यादीवर मात करायची.

दुकान बंद झाल्यानं दारू सुटते का, हा वाद वेगळा आहे आणि हातभट्टीचं दुखणं मला चांगलं माहीत आहे. इथं माझं मागणं छोटं आहे. निवेदन दाखल झालं की मतदानाची तारीख लावण्याआधी बीएलओकडून, म्हणजे मतदार यादीचं काम बघणाऱ्या गावपातळीवरच्या कर्मचाऱ्याकडून, त्या गावची यादी घरोघर तपासून घ्या. बायकांची एकेक सही जेवढ्या बारकाईनं बघितली, तेवढ्याच बारकाईनं एकेक नाव बघा. आणि पडताळणी शक्यतो संध्याकाळी, वस्तीवर येऊन करा. साहेबांना गाडी आहे, आमच्या वस्तीवरून ग्रामपंचायत अडीच किलोमीटर पडते.

आम्ही परत सुरुवात केली आहे. या खेपेला सह्यांच्या आधी नाव वगळण्याचे नमुना 7 चे अर्ज. लग्न होऊन गेलेल्यांपैकी 60 घरांतून ते भरून मिळाले. मयतांचं काम हळू चाललंय, दाखले काढायचेत आणि काही घरांत यादीतून आईचं नाव काढायला मुलगा तयार होत नाही, कागद पुढे केला की डोळ्यांत पाणी येतं त्याच्या. त्या घरी चुलत सासूबाई स्वतः जातात.